आमची वाटचाल : पेठापेठांतून कोल्हापूर दाखवताना

आमचा धंदा म्हणजे बाहेरगावच्या लोकांना कोल्हापूर पायी फिरवून दाखवणं. मी, माझी नणंद आणि पेठेतली चार-पाच पोरंपोरी, एवढाच पसारा. आधी मिस्टरांचा गाड्या भाड्याने द्यायचा बिझनेस होता आणि स्टेशनजवळच्या काउंटरवर मी बसायची. महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी उतरलेली माणसं यायची ती लिस्ट ठरवूनच, अंबाबाईचं दर्शन, मिसळ, चप्पल, मग पन्हाळा-जोतिबा, वेळ राहिला तर नरसोबाची वाडी, संध्याकाळी रंकाळा, रात्री तांबडा-पांढरा आणि परत गाडीत. आणि जाताना म्हणायची, कोल्हापूर बघून झालं ताई. मला तेव्हा फार वाटायचं की अहो तुम्ही शहर बघितलंच नाही, दसरा चौकातून तुमची गाडी काच वर करून गेली, तिथे उतरायला पाहिजे होतं.

मग एकदा पुण्याची आर्किटेक्चर शिकणारी मुलं आली, त्यांना मंदिर सोडून बाकी गाव बघायचं होतं आणि ड्रायव्हरला नुसते रस्ते माहीत, म्हणून काउंटर नणंदेवर सोपवून मीच त्यांच्याबरोबर चालत निघाले. माझं माहेर मंगळवार पेठेतलं, सासर शिवाजी पेठेतलं, त्यामुळे गल्ल्या पायाखालच्या. दुपारी जेवायला बसलो तेव्हा ती मुलं उद्या परत यायचं म्हणत होती. तिथून हे सुरू झालं. घरी सगळे म्हणाले की चालायला कोण पैसे देणार, आणि पहिली एक-दोन वर्षं खरंच गाड्यांच्या पैशावरच हे चाललं, पण मिस्टरांनी एका शब्दानेही बंद कर म्हटलं नाही, हे इथे लिहायलाच पाहिजे.

आमची सुरुवात दसरा चौकातून असते, मंदिरातून नाही. याचं कारण लोक विचारतात. कोल्हापूर हे देवीचं गाव आहेच, पण आज जे शहर दिसतं ते राजर्षी शाहू महाराजांनी घडवलेलं आहे आणि ते समजायला दसरा चौकासारखी दुसरी जागा नाही. चौकात उभं राहून मान फिरवली की जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत समाजाचा चित्रदुर्ग मठ अशा वास्तू आजूबाजूलाच आहेत. खेड्यातलं पोरगं शिकायला आलं तर राहणार कुठे आणि जेवणार कुठे, या एका प्रश्नावर महाराजांनी 1901 पासून एकेका समाजाला जागा दिली, पैसा दिला, बोर्डिंगं उभी करून दिली, आणि 1902 च्या 26 जुलैला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. पाहुण्यांनी शाळेत हे वाचलेलं असतं, पण बोर्डिंगच्या दारातून आत-बाहेर करणारी आजची पोरं बघितली की ते गप्प होतात.

तिथूनच पुढे भाऊसिंगजी रोडला गंगाराम कांबळेंच्या हॉटेलची गोष्ट सांगतो. ज्या माणसाला अस्पृश्य म्हणून मारहाण झाली त्याला महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली, आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायले, बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजला. मी ही गोष्ट रस्त्याच्या कडेला चहा पितच सांगते, कारण राजाने काय केलं हे हातात कप असताना जास्त कळतं. 2022 च्या 6 मे ला महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता सगळं कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी थांबलं होतं. त्या दिवशी आमच्याबरोबर नाशिकचा एक ग्रुप होता, रिक्षावाले मामा रिक्षा बंद करून खाली उतरून उभे राहिले, भाजीवाल्या उभ्या राहिल्या, त्या ग्रुपमधल्या एक आजी मला नंतर म्हणाल्या की आमच्या गावाने असं कुणासाठी केलेलं मी बघितलं नाही.

सीपीआर दवाखाना, टाऊन हॉल, न्यू पॅलेस हे आम्ही फार ताणत नाही. तिन्ही इमारती मेजर मॅन्ट या इंग्रज आर्किटेक्टच्या हातच्या, 1870 ते 84 च्या दरम्यानच्या, काळा दगड, कमानी, सुंदरच आहेत. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये मात्र आत नेतोच, ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उत्खनन झालं तेव्हा मिळालेली समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती तिथे आहे. पंचगंगेच्या काठावर रोमन काळातला माल येत होता हे कळल्यावर लोक नदीकडे वेगळ्या नजरेने बघतात, म्हणून घाट त्याच्यानंतर.

खासबागेच्या कुस्ती मैदानात मात्र वेळ द्यावाच लागतो. महाराज 1902 ला इंग्लंडला गेले होते, येताना रोमचं आखाड्याचं मैदान बघितलं, आणि तसं आपल्या पैलवानांसाठी पाहिजे म्हणून 1912 पर्यंत हे मैदान तयार झालं, मधे कुस्तीचा मातीचा हौद आणि चारी बाजूंनी वर चढत जाणारी बसायची जागा, शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. त्याला लागूनच पॅलेस थिएटर, 1915 चं, म्हणजे आताचं केशवराव भोसले नाट्यगृह. कुस्ती आणि नाटक शेजारी-शेजारी ठेवणारा राजा, एवढं एक वाक्य मी बोलते आणि मग लोकांना बसू देते.

2024 च्या 8 ऑगस्टला रात्री नाट्यगृहाला आग लागली, दुसऱ्या दिवशी ज्यांचं नाव त्याला आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती होती. आम्ही घरातली सगळी रात्री तिथे गेलो, अख्खं गाव आलेलं, नाटकवाली माणसं रस्त्यावर बसून रडत होती. पुढचे काही दिवस आम्ही टूर घेतल्याच नाहीत, मला तिथे उभं राहून बोलताच येत नव्हतं. नंतर ठरवलं की तिथे जायचं आणि जसं आहे तसं दाखवायचं, जळालं ते सांगायचं, परत उभारायचं काम हाती घेतलंय ते पण सांगायचं. काही लोकांना वाटतं टुरिस्टला दुःखाच्या गोष्टी सांगू नयेत, मला ते पटत नाही. पाहुणा घरी आला की घरात काय झालं ते आपण सांगतोच ना.

तालमींचं सगळ्यात अवघड होतं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, ही नावं कुस्तीवाल्यांना पाठ, पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे शाहूपुरी तालमीचे, 1959 साली झाले. पण तालीम म्हणजे काय बघायचं ठिकाण नव्हे, पोरं पहाटेपासून मेहनत करत असतात आणि त्यात आम्ही दोघी बायका टुरिस्ट घेऊन येणार म्हटल्यावर वस्ताद आधी नाहीच म्हणाले. आम्ही सारखं जाऊन भेटत राहिलो, शेवटी त्यांनी अटी घातल्या, चप्पल बाहेर, लाल मातीच्या हौदाला पाय लावायचा नाही, विचारल्याशिवाय फोटो नाही, पैलवानांशी बोलायचं ते जोर-बैठका संपल्यावर. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू का मुरवतात ते आता वस्ताद स्वतःच समजावून सांगतात, आणि एवढं मन लावून सांगतात की मला मधे बोलायची गरजच पडत नाही.

याच्यावरूनच आमचा मुख्य नियम पडला की ज्या पेठेत फिरायचं तिथलंच माणूस बरोबर पाहिजे. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ तर फुटबॉलवरून अशा भिडतात की शाहू स्टेडियममध्ये मॅच असली तर गल्लीत शुकशुकाट, आणि पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल यातली तुमची टीम कुठली हे जन्मावरून ठरतं. हे बाहेरचा गाईड पाठ करून सांगू शकेल, पण त्याच्यात जीव येणार नाही. आमच्याकडे गाईड म्हणून आलेली पोरं कॉलेज करणारी आहेत, मी त्यांना तारखा शिकवते आणि बाकीचं त्यांच्या आज्जीला विचारून या म्हणते. म्हाताऱ्या माणसांना चालवत नाही त्यांच्यासाठी आम्ही रिक्षा ठरवतो, कोल्हापूरची सजवलेली रिक्षा हेच एक बघण्यासारखं असतं आणि रिक्षावाले मामा आमच्यापेक्षा जास्त बोलतात.

दुसरा नियम कमिशनचा. चप्पल लाईनमध्ये नेतो, सुभाषनगरला कारागिरांच्या घरीही नेतो, कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी हे प्रकार हातात घेऊन बघायला मिळतात, कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कसं कमावतात ते कळतं. पण कुठल्याच दुकानाकडून आम्ही एक रुपया घेत नाही आणि हे पाहुण्यांना आधीच सांगतो. 2019 ला चपलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, 2025 ला मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला दिसल्यावर देशभर बोंबाबोंब झाली, तेव्हा आमच्याकडे चौकशा खूप वाढल्या. त्या सगळ्यांना मी एकच सांगितलं, घासाघीस करू नका, एक जोड करायला किती हात लागतात ते आधी बघा.

वाईट दिवस पण आले. 2019 चा महापूर, मग 2020 चं लॉकडाऊन, त्याच्यातून डोकं वर काढतोय तोवर 2021 ला परत पूर, हायवेवर पाणी, कोण येणार. एका मोठ्या ट्रॅव्हल कंपनीने आमचे झालेल्या टूरचे पैसे कधीच दिले नाहीत, ते पण त्याच काळात. गाड्या विकाव्या लागल्या. पण त्या रिकाम्या दिवसांत आम्ही पेठेतल्या जुन्या माणसांना फोन करून करून त्यांच्या आठवणी वहीत लिहून घेतल्या आणि त्यातून पाण्याचा रूट तयार झाला. हे गाव एकेकाळी तळ्यांचं होतं, आज जिथे आपण भाजी घेतो ते कपिलतीर्थ, जिथे सभा होतात ते गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ, फुटबॉलचं शाहू स्टेडियम रावणेश्वराच्या तळ्यावर. तळी बुजली, नदी मात्र आपली जागा सोडत नाही, पाणी चढायला लागलं की सुतारवाड्यातल्या लोकांना सगळ्यात आधी सामान बांधावं लागतं. हा रूट करून गेलेले लोक पावसाळ्यात फोन करून पंचगंगेची पातळी विचारतात, मला याचं फार समाधान वाटतं.

आता ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी. अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव साधारण 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, मावळतीची किरणं देवीच्या पायांपासून चढत जातात, त्या दिवसांत गर्दी प्रचंड असते, शहर फिरायला एक दिवस वेगळा ठेवा. पंधराच्या वर माणसं आम्ही एका वेळी घेत नाही, गल्लीतल्या लोकांना त्रास होतो. संध्याकाळी गंगावेशच्या दूध कट्ट्यावर डोळ्यासमोर काढलेलं म्हशीचं दूध प्यायचं असेल तर दुपारी हलकं जेवा.

सध्या सिनेमाचा रूट जुळवतोय. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी 1917 ची, प्रभात फिल्म कंपनी 1929 ला इथेच सुरू झाली आणि 1933 ला पुण्याला गेली, पुढे भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ. जागा आम्हाला माहीत आहेत, पण सेटवर सुतारकाम, रंगकाम, शिवणकाम करणाऱ्या माणसांची माहिती कमी मिळते. ज्यांच्या घरातली आधीची पिढी या कामात होती आणि ट्रंकेत फोटो, पगाराच्या चिठ्ठ्या असं काही असेल त्यांनी आम्हाला येऊन नक्की भेटा, फोटो आम्ही समोरच मोबाईलवर काढून घेऊ, मूळ कागद तुमच्याकडेच राहील.