सावंतवाडी ते जुनं गोवं, चालत

बांद्याच्या पुढे गोव्याच्या सीमेवरची पत्रादेवी ओलांडली तेव्हा झुंजुमुंजू होत होतं. डोक्यावर ऊन यायच्या आत म्हापसा गाठायचं म्हणून आमची मंडळी रात्रीच निघाली होती. पुढे लाकडी खुरीस, म्हणजे क्रूस, धरलेला मुलगा, मागे तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणणाऱ्या बायका, त्यांच्यामागे मी. शेजारच्या मावशी दरवर्षी सायबाच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, पायी जातात. यंदा त्यांच्यासोबत मीही निघालो.

सायब म्हणजे गोंयचो सायब, सेंट फ्रान्सिस झेवियर. चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांशियान बेटावर 3 डिसेंबर 1552 रोजी ते वारले, म्हणून फेस्त 3 डिसेंबरला. देह लवकर विरून जावा म्हणून पेटीत चुना भरला होता, पण काही महिन्यांनी उघडून पाहिलं तर देह जसाच्या तसा. तो मलाक्काला नेला आणि 1554च्या मार्चमध्ये गोव्यात आणला. तेव्हा दर्शनाच्या गर्दीत एका पोर्तुगीज बाईने पायाचं बोट दातांनी तोडून नेलं, असं सांगतात. उजवा हात 1614 मध्ये रोमला गेला. मावशींना मात्र यातल्या कशापेक्षाही खेकड्याची गोष्ट प्यारी. मोलुक्का बेटांकडे वादळात सायबाचा क्रूस समुद्रात पडला आणि किनाऱ्यावर पोचल्यावर एका खेकड्याने तो नांगीत धरून परत आणून दिला. पाठीवर क्रुसाची खूण असलेली कुर्ली मिळते ना, ती त्याच खेकड्याची जात! "तेका आम्ही खायत नाय," मावशी म्हणाल्या.

कोलवाळच्या पुलावरून शापोरा नदी ओलांडली की बार्देश लागतं. इथून पुढे माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट चालू झाली. याच मुलखात 1683च्या अखेरीस संभाजीराजांचं सैन्य शिरलं होतं. 24 नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी मांडवीतल्या जुवे बेटावरचा पोर्तुगीजांचा किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी तो परत घ्यायला खुद्द पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर आला, तर मार खाऊन, जखमी होऊन मागे फिरला. जुनं गोवं तिथून हाकेवर. शहराला कुणी वाली उरला नाही, तेव्हा व्हाइसरॉयने सायबाचा देह ठेवलेल्या बॉम जेझू चर्चमध्ये जाऊन सायबाची शवपेटी उघडायला लावली, आपला राजदंड त्यांच्या हाती दिला आणि गोवं आता तुम्हीच सांभाळा म्हणून विनवलं. मराठे शहरात आले नाहीत. पुढे औरंगजेबाचा मुलगा शाहआलम याची मोगल फौज कोकणात उतरली आणि राजांना वळावं लागलं. गोव्यात श्रेय सायबाला मिळालं. नवा व्हाइसरॉय आला की सायबासमोर जाऊन राजदंड घ्यायचा, हा प्रघात त्यानंतर कितीतरी वर्षं चालला.

आमच्याकडे त्याच लढाईची वेगळी गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. राजांचा घोडा भरतीच्या पाण्यात पोहणीला लागला आणि त्यांचे चिटणीस खंडो बल्लाळ यांनी उडी घेऊन त्याला काठाला आणलं. एकाच खाडीच्या दोन काठांवर दोन आख्यायिका! म्हापशात मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, चर्चपाशी बसलो असताना मी हे सगळं मावशींना सांगितलं. (ही सायबीण लईराई देवीची बहीण, असं मानून हिंदूही तिला तेल वाहतात.) वाटलं, त्यांना रुचणार नाही. पण त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या घोड्याचा काय झाला?"

पणजीहून रायबंदरची वाट म्हणजे 1630च्या दशकात बांधलेला लांबलचक बांध. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. तिथे माझे तळवे पेटले. तेर्स म्हणणाऱ्या बायकांचा सूर मात्र ढळला नाही, आणि त्याच सुराच्या ठेक्यावर मी पाय टाकत गेलो.

बॉम जेझूचा गिलावा काढलेला आहे, त्यामुळे जांभा उघडा दिसतो, आपल्या कोकणातल्या घरांचा असतो तसाच. बाहेर मेणबत्त्या, मेणाचे हात-पाय, खाज्यांची दुकानं. मावशींनी मेणाचा एक पाय घेतला, सुनेच्या गुडघ्यासाठी. चांदीची पेटी तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेल्या संगमरवरी चौथऱ्यावर, बरीच उंच आहे. खालून मान वर करूनच बघायचं. मी हात जोडले, मावशींनी खूण केली आणि रांग पुढे सरकली.

नोवेना, म्हणजे फेस्ताआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, 24 नोव्हेंबरलाच सुरू होते. पुढच्या खेपेला त्या दिवशी आधी जुव्याचा किल्ला बघून मग सायबाकडे जायचा माझा विचार आहे. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "वाट लांब पडतली, काळोखात निघाक होया."