ज्येष्ठातली थंडी आणि पुकाकीकाठच्या कृत्तिका

पहिल्या पहाटे मला जाग आली ती कपाळावर टपकलेल्या थेंबाने. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर आम्ही दोघं झोपलो होतो, छत जेमतेम हातभर वर. टॉर्च लावून पाहिलं तर छताला, काचांना, कपाटांच्या कडांना सगळीकडे पाणी सुटलेलं. बाहेर उणे 5. आत चार माणसांचे रात्रभराचे श्वास, आणि आईने खिचडीसाठी काढलेल्या कुकरच्या चार शिट्ट्या. ती वाफ बाहेर गेलीच नव्हती.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन फिरायचं तर डिसेंबर-जानेवारीत, असं इथे सगळे सांगतात. आम्ही निघालो जूनच्या अखेरीस, ऐन हिवाळ्यात. त्याला कारण माझे बाबा. आई-बाबा मे महिन्यात वाईहून ख्राइस्टचर्चला आमच्याकडे आले. एका संध्याकाळी मी बोलता बोलता सांगितलं, की इथे मातारिकी नावाची सुट्टी असते. तारकांचा एक पुंजका मे-जूनमध्ये काही आठवडे दिसेनासा होतो आणि मग पहाटे परत उगवतो, तेव्हा माओरी लोकांचं नवं वर्ष सुरू होतं. बाबांनी पंचांग पुढ्यात ओढलं. सूर्य कुठल्या नक्षत्रात, ते पाहिलं आणि म्हणाले, "अगं, ह्या तर आपल्या कृत्तिका!"

2022 पासून ही राष्ट्रीय सुट्टी आहे आणि तिची तारीख दर वर्षी बदलते, कारण ती चंद्रावर ठरते. वद्य अष्टमीच्या आसपासचा शुक्रवार. 2024 मध्ये तो 28 जूनला आला. बाबांनी तिथी मोजली: ज्येष्ठ वद्य सप्तमी. म्हणजे त्याच दिवशी देहूहून तुकोबांची पालखी निघणार आणि दुसऱ्या दिवशी आळंदीहून माउलींची. बाबा चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होते. असा मेळ जुळल्यावर त्यांना घरी बसवणं शक्यच नव्हतं.

ख्राइस्टचर्चहून टेकापो सव्वादोनशे किलोमीटर. जेराल्डिन, फेअरली, मग बर्क्स पासचा चढ आणि पलीकडे मॅकेन्झीचं वाळकं, सोनेरी पठार. उन्हाळ्यात हे तीन तासांचं काम. आम्ही पाच तास घेतले, आणि ते बरोबरच होतं. हिवाळ्यात इथे बर्फापेक्षा जास्त धाक वाटतो तो डांबरावर गोठलेल्या पाण्याच्या पारदर्शक थराचा. तो दिसतच नाही. डोंगराच्या सावलीतल्या वळणावर दुपारीसुद्धा असतो. साडेतीन टनांची उंच गाडी तिथे ब्रेकने आवरत नाही, वेग आधीच कमी केलेला असावा लागतो. म्हणून दहाच्या आधी निघायचं नाही आणि चारच्या आत गाडी लावून टाकायची, हा नियम नवऱ्याने केला आणि आम्ही पाळला. चाकांच्या साखळ्या बरोबर होत्या. त्या चढवायचा सराव त्याने आदल्या रविवारी घरासमोर तीनदा केला होता. बर्फात गुडघे टेकून पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नव्हे.

डिझेलचंही तसंच. कडक थंडीत साध्या डिझेलमधलं मेण दाट होतं आणि फिल्टर तुंबतो. डोंगराळ भागातल्या पंपांवर हिवाळ्यात थंडीला टिकणारं डिझेल मिळतं, त्याला इथे अल्पाइन डिझेल म्हणतात. सखल भागातून टाकी काठोकाठ भरून निघण्यापेक्षा थोडी जागा ठेवावी आणि वर गेल्यावर भरावी. आमचा हीटरही गाडीच्याच टाकीतलं डिझेल घ्यायचा. टाकी पावच्या खाली आली की तो बंद होणार, म्हणजे गाडी चालवण्यापुरतं इंधन शिल्लक राहील. त्यामुळे आम्ही काटा अर्ध्याच्या खाली जाऊ दिला नाही.

टेकापोला अशा गाड्यांच्या तळावर विजेची जोडणी होती. रात्री नऊच्या सुमारास, देहूत दुपार असताना, बाबांनी फोनवर पालखीचं प्रस्थान लावलं. बाहेर तळं, पलीकडे 1935 सालचं ते दगडी चर्च, काचेवर साचत चाललेलं दव, आणि आत टाळ-मृदंगाचा गजर. आई हात जोडून बसली. नवऱ्याने हीटर थोडा मंद केला, पंख्याच्या आवाजात अभंग ऐकू येत नव्हता म्हणून.

आणि मग ती टपकती पहाट. वर आभाळ गच्च भरलेलं, कृत्तिका नाहीतच. नळ सोडला तर पाणी नाही. मी रात्री गाडीचा पाण्याचा पाइप तळाच्या नळाला तसाच जोडून ठेवला होता, तो काठीसारखा ताठ झाला होता. शेजारच्या बसमध्ये एक निवृत्त जोडपं होतं, वर्षाचे बाराही महिने बसमध्येच राहणारं. आजोबांनी पाइप उचलून पाहिला आणि शांतपणे सगळं समजावलं. टाकी दुपारी भरायची, पाइप काढून झटकून, गुंडाळून आत ठेवायचा. सांडपाण्याची टाकी गाडीच्या पोटाखाली उघड्यावर असते, ती रोज संध्याकाळी रिकामी करायची. छताची झडप कितीही थंडी असली तरी चार बोटं उघडी ठेवायची, कारण कोंडलेली ओली हवा कोरड्या गारठ्यापेक्षा जास्त बाधते. गॅसची शेगडीसुद्धा जळताना पाण्याची वाफ सोडते, हे मला तिथे कळलं.

आईला वाटत होतं, शेगडी मंद ठेवली तर चुलीसारखी ऊब राहील. ते मात्र आम्ही कोणीच ऐकलं नाही. बंद गाडीत शेगडीवर ऊब घ्यायची नाही, म्हणजे नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला ते कळत नाही. हे वाचणाऱ्या कुणीही गाडी ताब्यात घेताना त्याचा अलार्म चालू आहे ना, ते बटण दाबून स्वतः पाहावं.

त्या दिवसापासून कुकरची एक पद्धत पडली. शिट्ट्या होताना झडप पूर्ण उघडी, आणि झाकण उघडायचं ते गाडीबाहेर नेऊन. आई शाल गुंडाळून, दोन्ही हातांत कुकर धरून पायऱ्या उतरायची. उजेड असला की तळावरची माणसं बघायची आणि हात हलवायची.

शनिवारी आओराकीला, म्हणजे माउंट कुकला गेलो. पुकाकी सरोवराच्या कडेने 55 किलोमीटरचा तो रस्ता, आणि समोर अखेरपर्यंत तो एकच पर्वत. बाबांनी मुलांना त्याची उंची 3764 मीटर शिकवली होती. 1991 मध्ये शिखराचा माथाच कोसळला आणि 2014 मध्ये जाहीर झालेल्या नव्या मोजणीनंतर आता ती 3724 धरतात, हे वाचून ते बराच वेळ काचेतून बघत बसले. व्हाइट हॉर्स हिलच्या तळावर वीज नाही. छतावरच्या सौर पॅनेलला दिवसभरात फारसं काही मिळालं नव्हतं, सूर्य आधीच खाली आणि तोही डोंगराआड लवकर गेला. दिवे बंद करून आठ वाजताच पडलो.

रात्री दोनदा गडगडलं. बाबा उठून बसले. "पाऊस आला की काय?" पाऊस नव्हता. समोरच्या सेफ्टन पर्वतावरून बर्फाचे कडे सुटत होते. वाईत ह्याच दिवसांत आभाळ असंच वाजतं. तिथे पाणी येतं, इथे पांढरा धुरळा उडाला असेल, काळोखात दिसला नाही. तिसऱ्यांदा वाजेल म्हणून आम्ही सगळेच जागे राहिलो. वाजलं नाही. सकाळी छतावर टकटक सुरू झाली ती कीआ पक्ष्यांची. हिरवे, धीट डोंगरी पोपट. खिडक्यांच्या आणि वायपरच्या रबरावर त्यांचा डोळा असतो. त्यांना खायला द्यायचं नाही, हे आईला दोनदा सांगावं लागलं. वाईत तिने कधी कावळ्यालाही रिकाम्या चोचीने जाऊ दिलेलं नाही.

रविवारी पुकाकीच्या दक्षिण काठावर परत आलो. स्वतःचं शौचालय आणि सांडपाण्याची टाकी असल्याचं प्रमाणपत्र गाडीवर असेल तर तेव्हा तिथे नेमून दिलेल्या जागी फुकट राहता यायचं. संध्याकाळी पाचनंतर सूर्य मावळला, तो उगवणार सकाळी आठनंतर. पंधरा तासांची रात्र. उन्हाळ्यात ही रात्र कुणाला मिळत नाही, तेव्हा दहापर्यंत उजेडच असतो. मला वाटतं हिवाळ्यातल्या मोटरहोमचं खरं सुख हेच आहे. अंतर कापायची घाई उरत नाही. पत्ते झाले, आईने तिच्या माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगितली, जी मी चाळीस वर्षांत ऐकली नव्हती.

सोमवारी सव्वासहाला बाबांनी सगळ्यांना उठवलं. गवत पायाखाली करकरत होतं. आभाळ लख्ख. दक्षिणेकडे बाबांना आधी अगस्त्य भेटला, जो इथे कधी मावळतच नाही. मग त्यांनी पूर्वेकडे मृगाचे तीन तारे शोधले. माओरी त्यांना ताउतोरू म्हणतात आणि तिथूनच वाट काढतात: तीन ताऱ्यांवरून डावीकडे रोहिणी, आणखी डावीकडे, क्षितिजापासून थोड्याच उंचीवर, कृत्तिका. आपलीच तीन नक्षत्रं, उलट्या क्रमाने. चंद्रकोर वर होती, तरी तो झुबका स्पष्ट दिसला. बाबांनी सहा मोजल्या. नवऱ्याने सात.

मी त्यांना आधी सांगून ठेवलं होतं, की ह्या पुंजक्यातली पोहुतुकावा नावाची तारका वर्षभरात गेलेल्या माणसांची मानतात आणि त्या पहाटे त्यांची नावं मोठ्याने घेतात. अण्णाकाका, बाबांचे थोरले भाऊ, जानेवारीत गेले. बाबांनी कानटोपी काढली आणि अण्णांचं नाव घेतलं: आधी अण्णांचं, मग आजोबांचं, मग आडनाव, शाळेच्या हजेरीत घेतात तसं. पुढे काही बोलले नाहीत.

मागून पायऱ्यांवर आईची पावलं वाजली. मातारिकीच्या पहाटे करतात त्या हौतापूच्या विधीत शिजवलेल्या अन्नाची वाफ ताऱ्यांना अर्पण करतात आणि त्यात कुमरा, म्हणजे इथलं रताळं, असतं, हेही मीच कधीतरी बोलले होते. ती कधी उठली आणि रताळी कधी लावली, मला कळलंच नाही. तिने कुकर गोठलेल्या गवतावर ठेवला, पदराने झाकण धरून काढलं आणि दोन पावलं मागे सरकली. वारा अजिबात नव्हता. वाफ सरळ वर गेली.

"बघून झालं की या," आई म्हणाली, "सालं काढायला घेते."