आभाळ फ्रेमबाहेर ठेवा: स्लॉट कॅन्यनचे फोटो काढताना

स्लॉट कॅन्यनमध्ये, म्हणजे पाण्याने दगडात कोरलेल्या खोल, चिंचोळ्या घळीत शिरल्यावर मान आपोआप वर जाते आणि कॅमेराही. वरची आभाळाची पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या दगडाच्या वळणदार भिंती: डोळ्यांना हे दृश्य सुंदर दिसतं, फोटोत मात्र आभाळाची जागा कोरी पांढरी होते आणि खालच्या भिंती काळ्या पडतात. उन्हात तळपणारा वरचा दगड आणि तळाची सावली यांच्यात सहज दहा स्टॉपच्या वर फरक असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि आभाळही तळाच्या मानाने फारच उजळ. म्हणून पहिला नियम म्हणजे आभाळ फ्रेममध्ये घ्यायचं नाही. थेट ऊन पडलेला दगडही शक्यतो टाळायचा.

मग उरतं काय? उरतो तो परावर्तित उजेड, आणि या घळींचे सगळे रंग त्याचेच असतात. ऊन वरच्या भिंतीवर आदळतं, तिथून समोरच्या भिंतीवर, मग आणखी खाली. या दगडात लोहाची ऑक्साइडं आहेत. प्रत्येक टप्प्याला दगड निळा-हिरवा उजेड जास्त शोषतो आणि तांबडा जास्त परत देतो. त्यामुळे एकाच वळणाकडे नीट पाहिलं तर वर फिकट पिवळा, त्याखाली नारिंगी, मग विटकरी आणि तळाशी गडद लाल अशी चढण दिसते. ज्या भिंतीला ऊन किंवा समोरचा उजळलेला दगड दिसत नाही, फक्त आभाळाची फट दिसते, तिच्यावर निळसर, जांभळट छटा येते. नारिंगी कडेमागे जांभळी भिंत असलेलं वळण शोधायचं. असं एक वळण सापडलं की तिथे वीस मिनिटं थांबणं हे घाईघाईत सगळी घळ पालथी घालण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

यातूनच वेळेचं गणितही समजतं. इतरत्र छायाचित्रकार भर दुपारी कॅमेरा आत ठेवतात; इथे सूर्य उंच असल्याशिवाय ऊन घळीत उतरतच नाही. साधारण सकाळी दहा ते दुपारी दोन हा कामाचा वेळ. आभाळ भरून आलं तर भिंतींची धग जाते आणि सगळं मातकट दिसतं. जंगलात किंवा धबधब्यापाशी ढगाळ दिवस वरदान असतो, इथे तसं नाही.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या पेज गावाजवळची अँटिलोप कॅन्यन सगळ्यांच्या यादीत असते. तिचे वरचा आणि खालचा असे दोन भाग आहेत आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा. वरचा भाग तळाशी रुंद आणि माथ्याशी चिंचोळा आहे, म्हणून उन्हाचे खांब इथे उतरतात. साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, माध्यान्हीच्या आसपास. खालचा भाग उलटा: माथ्याशी रुंद, पायाशी इतका अरुंद की पाऊल तिरकं टाकावं लागतं, आणि उतरायला लोखंडी जिने. तिथे उजेड जास्त आणि वळणंही जास्त. उन्हाचा खांब हवा असेल तर वरचा भाग. नाहीतर, माझ्या मते, फोटोसाठी खालचाच सरस.

ही जमीन नवाहो राष्ट्राची, म्हणजे नवाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या स्वशासित प्रदेशाची आहे आणि वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. ट्रायपॉड, सेल्फी स्टिक आणि बॅग न्यायला बंदी आहे. आणखी एक गोष्ट फार लोकांना अडचणीत आणते. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, शेजारचं युटा आणि नवाहो राष्ट्र करतात. पण पेजमधल्या सहली ॲरिझोनाच्या वेळेने चालतात. तिथे फोन कधी कोणत्या टॉवरला चिकटेल सांगता येत नाही आणि घड्याळ तासाने उडी मारतं. वेळ हाताने लावून ठेवा.

आता एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते. ट्रायपॉड चालत असेल तिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, लेन्सचं छिद्र एफ/11 (आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि साधारण 4 सेकंदांचं शटर ही चांगली सुरुवात. खोल कोपऱ्यात 10-15 सेकंदही लागतात. तोच उजेड हातात कॅमेरा धरून टिपायचा तर एफ/4 ला तीन स्टॉप मिळतात, आयएसओ 1600 ला आणखी चार, म्हणजे 4 सेकंदांचे थेट 1/30 होतात. रुंद लेन्स आणि स्टॅबिलायझेशन असेल तर 1/30 हातात निभतं. कोपर छातीशी घट्ट, श्वास सोडत शटर दाबायचं, आणि तीन-चार फ्रेम सलग घ्यायच्या. मधली बहुधा सगळ्यात स्पष्ट निघते. मागून रांग पुढे ढकलत असताना ट्रायपॉडची आठवण काढून उपयोग नाही. थोडा नॉइज (फोटोतले रवाळ ठिपके) नंतर घालवता येतो, हललेला फोटो सुधारता येत नाही.

हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेरा दाखवतो तो उजेडाचा आलेख, पाहताना फक्त पांढरा आलेख पाहू नका, लाल चॅनेल वेगळा पाहा. इथे सगळ्यात आधी तोच भरून वाहतो: एकूण आलेख ठीक दिसतो, पण नारिंगी कडेवरचे बारीक थर गेलेले असतात आणि तिथे रंगाचा सपाट डाग उरतो. लाल उजवीकडे टेकत असेल तर अर्धा ते एक स्टॉप कमी करा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, सावल्या नंतर उचलता येतात.

व्हाइट बॅलन्स (रंगांची झाक ठरवणारं सेटिंग) ऑटोवर ठेवला तर कॅमेऱ्याला वाटतं नारिंगी झाक ही चूक आहे, आणि तो ती मन लावून पुसून टाकतो. डेलाइट किंवा क्लाउडी, म्हणजे 5500 ते 6500 केल्विनच्या दरम्यान, ठरवून ठेवा. फोन वापरणाऱ्यांनी उजळ भागावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करावं आणि थोडं खाली ओढावं. फ्लॅश मात्र बंदच: समोरून पडणारा पांढरा उजेड सगळे रंग मारून भिंत सपाट करतो.

फोकसचं दुखणं वेगळंच. गुळगुळीत, एकाच रंगाच्या भिंतीवर ऑटोफोकस शोधत राहतो, म्हणून थरांची रेघ किंवा कडेची धार पकडा. पूर्ण फ्रेम सेन्सरवर 20 मिमी लेन्स एफ/11 ला 1.2 मीटरवर फोकस केली तर साधारण 60 सेंटिमीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं. एफ/4 ला तेच अंतर 3.3 मीटरवर जातं आणि जवळचं 1.7 मीटरपर्यंतचं धूसर राहतं. घळीत भिंत तर कित्येकदा हातभर अंतरावर असते. अशा वेळी ट्रायपॉडवर जवळ आणि लांब फोकस करून दोन-तीन फ्रेम घ्या आणि नंतर जोडा. एफ/22 वर जाऊ नका, डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरल्यामुळे, सगळंच मऊ पडतं.

16-35 मिमीसारखी रुंद लेन्स बहुतेकांकडे असतेच, पण 70-200 मिमीच्या लांब लेन्सला कमी लेखू नका. रुंद लेन्समध्ये आभाळ, पायवाट आणि लोकांची डोकी शिरतात. लांब लेन्सने दोन वळणांमधला एकच पट्टा उचलता येतो. भिंतीवरच्या तिरक्या रेषा म्हणजे ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्यांचे थर आहेत. वाऱ्याने एकावर एक रचलेले ते उतार दगड होऊन तसेच राहिले. एका जागी रेषा उजवीकडे झुकतात, त्यावरच्या थरात डावीकडे. तो सांधा फ्रेममध्ये आला की फोटोला हाड मिळतं.

उन्हाचा खांब धुळीशिवाय दिसत नाही. हवेत वाळू उडाल्यावर लगेच शटर दाबू नका: जाड कण आधी खाली बसतात, बारीक धूळ रेंगाळते, आणि खांब तेव्हाच नितळ दिसतो. ट्रायपॉड चालत असेल तिथे अर्धा ते दोन सेकंदांच्या शटरमध्ये धूळ मऊ होते. खांब जिथे जमिनीला टेकतो तो ठिपका जळणारच. पुढच्या दगडाआड झाकून टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या घळी पुराच्या पाण्यानेच कोरल्या आहेत, आणि ते काम अजून चालू आहे. उघड्या खडकात पाणी मुरत नाही. कित्येक किलोमीटर दूर पडलेला पाऊस एकाच फटीत जमा होऊन येतो. 12 ऑगस्ट 1997 रोजी अँटिलोपच्या खालच्या भागात असाच लोंढा आला आणि 11 पर्यटक मरण पावले. वादळ त्यांच्या डोक्यावर नव्हतं, वरच्या पाणलोटात होतं. जुलै ते सप्टेंबर हा तिथल्या पावसाळी वादळांचा काळ. युटातल्या बकस्किन गल्चसारख्या 20 किलोमीटरहून लांब घळीत बाहेर पडायच्या जागा फारच थोड्या. तिथे डोक्याच्या कितीतरी वर अडकलेले ओंडके दिसतात, ती मागच्या पुराची पातळी. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा त्या दिवसाचा अचानक-पुराचा अंदाज फक्त तुमच्या जागेचा नाही, वरच्या सगळ्या पाणलोटाचा पाहा. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या वाहत आल्या किंवा लांबून घरघर ऐकू आली, तर सामान सोडा आणि मिळेल त्या उंचीवर चढा.

धुळीचा बंदोबस्त आत जाण्यापूर्वी करायचा. ठरवलेली लेन्स बाहेरच लावा आणि आत ती बदलू नका. कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी, पुढच्या काचेसाठी भोक पाडून रबर बँडने घट्ट. युटाच्या एस्कलांटे भागातल्या स्पूकी गल्चसारख्या घळीत काही ठिकाणी रुंदी जेमतेम 25 सेंटिमीटर उरते: पाठीवरची बॅग काढून हातात धरावी लागते आणि कॅमेरा भिंतीला घासतो, म्हणून तो पुढे गळ्यात नको, बॅगेत गुंडाळलेला हवा. लेन्सवर धूळ बसली तर आधी ब्लोअर, मग ब्रश. कापड सगळ्यात शेवटी, कारण वाळूच्या कणावर कापड फिरवणं म्हणजे काचेवर पॉलिश पेपर फिरवणं. ट्रायपॉडचा सगळ्यात खालचा भाग आधी उघडा आणि त्याचा लॉक वाळूच्या वर राहील असं पाहा. तो लॉक वाळूत गेला तर कण आट्यांमध्ये शिरतात आणि पुढच्या वेळी पाय कचकचत अर्ध्यावर अडकतो. संध्याकाळी पाय सुटे करून साध्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मग आट्यांना थोडं ग्रीस लावा. शेवटी एफ/16 ला मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढून मोठा करून पाहा: सेन्सरवर डाग असतील तर दुसऱ्या दिवशीच्या घळीआधी ब्लोअरने साफ करता येतील.