दुर्बीण खोडदला आहे, म्हणून मला विचारता

"सर, तिकडं वर, परग्रहावर कुणी आहे का? हो की नाही, एवढंच सांगा." लग्नाच्या पंगतीत, एसटीत, एकदा तर दशक्रियेच्या घाटावरसुद्धा मला हे विचारलं गेलंय. का विचारता ते कळतं. मी तीस वर्षं जुन्नर तालुक्यात विज्ञान शिकवलं. दर २८ फेब्रुवारीला पोरं घेऊन खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर गेलो. ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० तबकड्या रात्रंदिवस आकाश ऐकतात, म्हणजे सरांना आतली काहीतरी खबर असणार, असं तुम्हाला वाटतं. मी "सांगता येत नाही" म्हटलं की तुमचा चेहरा पडतो. मी प्रश्न टाळतोय, असा तुमचा समज होतो. टाळत नाही. एकदा सगळं सांगतो.

पूर्वी मी छातीठोक "हो" म्हणायचो. फळ्यावर ओळीनं चित्रं काढायचो: वानर, मग दगड हातात घेतलेला माणूस, मग चाक, वाफेचं इंजिन, रॉकेट. आणि म्हणायचो, आपल्या आकाशगंगेत किमान १०० अब्ज तारे आहेत, हा जिना आपणच चढलो असू का? कुणीतरी आपल्या पुढच्या पायरीवर असणारच, आज ना उद्या त्यांचा निरोप येणारच. पोरं डोळे विस्फारून ऐकायची. मला ते फार आवडायचं.

१९९७ च्या उन्हाळ्याआधीची गोष्ट. नववीतला एक मुलगा, घरची मेंढरं, कुकडीच्या काठाकाठानं चारायला न्यायचा. एक दिवस दप्तरातून काळा दगड काढून त्यानं माझ्या टेबलावर ठेवला. तळहातात बसेल एवढा. एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला जाड, आणि दोन्ही अंगांनी टवके उडालेले. कड अजून हाताला लागत होती. तो म्हणाला, "सर, ह्यो कुणीतरी घडवलाय."

मी हसलो. नदीत दगड गडगडतात, आपटतात, फुटतात, असं सांगितलं. तो हटला नाही. "पाण्यानं फुटला असता तर दोन्ही अंगानं सारखा कसा झाला असता, सर? आन् ह्यो बघा, अंगठा हितं बसतोय." त्यानं धरून दाखवला. अंगठा खरंच बसत होता. मी तो दगड घेऊन वर्गाकडं वळलो आणि म्हणालो, "बघा रे, आपल्या शास्त्रज्ञानं आदिमानव शोधला." पंचावन्न पोरं हसली. तो खाली बघत जागेवर जाऊन बसला. दगड मी प्रयोगशाळेत नेला. वाऱ्यानं दार आपटायचं, म्हणून दाराला लावून ठेवला. दोन वर्षं तो तिथंच होता. मग शाळेला रंग दिला, सामान इकडचं तिकडं झालं, आणि दगड गेला.

त्या मुलानं पुढं मला एकही प्रश्न विचारला नाही. दहावीनंतर त्याची शाळा सुटली. माझ्यामुळं सुटली असं मी म्हणत नाही, घरची परिस्थिती होती. पण प्रश्न थांबले ते माझ्यामुळं.

पुढं काही वर्षांनी पुण्यात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेलो होतो. काचेमागं हातकुऱ्हाडी, म्हणजे आदिमानवानं घडवलेली दगडी हत्यारं, मांडल्या होत्या. मी काचेला हात टेकून किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. तोच आकार, तशीच कड. त्यानंतर मी वाचायला लागलो, तेव्हा कळलं की आमच्याच तालुक्यात, कुकडीच्याच काठी, बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच्यासोबत अश्मयुगीन हत्यारं सापडली आहेत. डेक्कन कॉलेजचे लोक ते शोधून, लिहून मोकळे झाले होते, माझा तो तास होण्याच्या कितीतरी आधी. मला इंग्लंडात लागलेला पल्सारचा, म्हणजे ठरावीक अंतरानं रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्याचा, शोध पाठ होता, बोरी माहीत नव्हती. त्या राखेच्या वयावर आजही वाद आहे: आधी १४ लाख वर्षं सांगितलं, मग कुणी ६ लाख ७० हजार म्हणालं, तर कुणी ती ७५,००० वर्षांपूर्वीच्या सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची मानतं.

तो दगड हातकुऱ्हाडच होता, हे मी सिद्ध करू शकत नाही. दगडच नाही, तर काय दाखवणार? नदीनंच फोडलेला असेलही. पण मी तेव्हा तपासून "नाही" म्हणालो नव्हतो.

म्हणून माझा तो फळ्यावरचा जिना मोडला. हातकुऱ्हाड ही काही फुटकळ वस्तू नाही. योग्य पाषाण निवडायचा, कुठल्या कोनात ठोका मारायचा ते ओळखायचं, पुढचा टवका आधी डोक्यात बघायचा, याला बुद्धीच लागते. आणि तरी तो आकार दहा लाखांहून जास्त वर्षं जवळपास तसाच राहिला. तेवढ्या काळात कुणी चाक केलं नाही, कुणाचं काही अडलंही नाही. रेडिओ येऊन आपल्याला सव्वाशे वर्षं झाली, फार तर थोडी अधिक. मग एखाद्या ग्रहावर आज नदीकाठी बसून कुणी दगड घडवत असेल, तर खोडदच्या तबकड्यांना काय ऐकू येणार? काहीच नाही. आणि मी तुम्हाला सांगायचं, "तिकडं कुणी नाही"?

ऑक्टोबर २०१६ मध्ये याच दुर्बिणीनं मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या स्कियापारेली यानाचा क्षीण संदेश पकडला. उतरायच्या जरा आधी तो तुटला, यान आदळलं. मी ती गोष्ट अभिमानानं सांगतो. पण तो संदेश सापडला, कारण कुठल्या वारंवारितेवर कान लावायचा हे आपल्याला ठाऊक होतं. यान आपलंच, माणसाचंच होतं. उलटही झालंय. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला आकाशातून सव्वा सेकंदाहून थोड्या जास्त अंतरानं ठोके मिळाले, तेव्हा परग्रहवासी असतील का, अशी शंका येऊन गेली होती. तो निघाला पल्सार, म्हणजे फिरणारा न्यूट्रॉन तारा, मेलेल्या ताऱ्याचा घट्ट दाबलेला गाभा. तिथं नुसत्या दगडात घडवणारा हात दिसला, मला घडवणाऱ्या हाताच्या जागी नुसता दगड दिसला.

माझ्यातला तो जुना मास्तर अजून गप्प बसत नाही. तो म्हणतो, १९९५ पर्यंत सूर्यासारख्या ताऱ्याभोवती एकही परका ग्रह माहीत नव्हता, आज पाच हजारांवर झालेत, अजून किती पुरावा हवा? मी म्हणतो, ग्रह म्हणजे कुणी राहतंय असं नाही. तो म्हणतो, मग तू आता भित्रा झालायस, एकदा चुकलास म्हणून कशालाच हो म्हणत नाहीस. याला माझ्याकडं उत्तर नाही. असेलही तसं.

दोन वर्षांपूर्वी २८ फेब्रुवारीला खोडदला तो मुलगा भेटला. आता चाळिशीचा, सोबत मुलगी. तिनं शाळेचा प्रयोग मांडला होता. त्यानं वाकून नमस्कार केला आणि सहज विचारलं, "सर, त्यो दगड हाय का अजून?" मी म्हणालो, "असेल कुठंतरी, शोधतो." तेवढ्यात मुलीनं विचारलं, "सर, एलियन असतात का?" आणि मी तिला ताऱ्यांचा आकडा सांगत बसलो.

दगड शोधायला मी शाळेत गेलोच नाही. तो तिथं नाही, हे मला माहीत होतं. येत्या फेब्रुवारीत ते दोघं आले, तर आधी त्याला हे सांगणार आहे. मुलीचा प्रश्न त्यानंतर.