कॉइल सोडतानाचा स्पाइक: माझा अनुभव

कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने मोटर चालू-बंद करणारा स्विच) सुटला की पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा, काउंट आपोआप पुढे सरकायचा. ओढताना काहीच नाही, फक्त सोडताना. फिरणं मोजून पीएलसीला पल्स पाठवणारा एन्कोडर बदलून झाला, शील्डचं अर्थिंग तपासून झालं, तरी तेच. ‘फक्त सोडताना’ ही खूण मला सोडवेना, म्हणून एन्कोडरचा नाद सोडून ऑसिलोस्कोपचा प्रोब थेट 24 व्होल्ट डीसी कॉइलच्या ए1-ए2 टर्मिनलवर लावला.

तिथे सगळं दिसलं. कंट्रोल रिलेचा कॉन्टॅक्ट उघडताच उलट्या दिशेने काही शे व्होल्टचा सुळका (स्पाइक), आणि तोही एकच नाही, करवतीच्या दात्यांसारखी रांग. कॉइलमधला करंट एकदम थांबत नाही. उघडणाऱ्या कॉन्टॅक्टमध्ये ठिणगी पडते, विझते, व्होल्टेज चढतं, पुन्हा पडते. या चढउतारांचा आवाज मेगाहर्ट्झपर्यंत जातो आणि त्याच डक्टमधल्या (वायरी नेण्याच्या पन्हळीतल्या) एन्कोडरच्या केबलमध्ये उतरतो.

कॉइलवर 1एन4007 डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा लावला, पट्टीची बाजू प्लसला. सुळका गेला, काउंट जागेवर राहिला. पण आता कॉन्टॅक्टर सुटायला वेळ घेऊ लागला, कारण करंट डायोडमधून फिरत हळूहळू विरतो. मोटर वेळेत तोडायची असेल तिथे हे मला मुळीच चालत नाही. डायोडसोबत 36 व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजला उलट्या दिशेनेही वाहू देणारा डायोड) उलटा, सिरीजमध्ये घातला आणि करंट झटपट उतरला. मात्र स्विचवर आता 60 व्होल्टच्या आसपास येतात. ट्रान्झिस्टर आउटपुट असेल तर तो तेवढं सोसतो का, हे डेटाशीटमध्ये बघूनच लावावं.

एसी कॉइलवर डायोड लावायचा नाही. तिथे मी 100 ओहम आणि 0.1 मायक्रोफॅरडचा आरसी स्नबर (सुळका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावतो, कपॅसिटर एक्स2 दर्जाचा, म्हणजे मेन्सवर लावण्याजोगा. हाच स्नबर ट्रायाक (एसीसाठीचा सेमीकंडक्टर स्विच) आउटपुटला समांतर असेल, तर 230 व्होल्ट 50 हर्ट्झवर त्यातून सुमारे 7 मिलीॲम्पिअर गळतात; छोटा रिले तेवढ्यावर ओढलेलाच राहू शकतो.

यातलं काहीही लावा, पण कॉइलच्या टर्मिनलवरच. पीएलसीच्या बाजूला लावलं तर विरणारा करंट पूर्ण वायरभर फिरतो आणि ती लांब वायरच अँटेना होते. आणि आतच डायोड असलेला रिले घेतलात, तर ए1 ला प्लस आहे ना, हे पॉवर देण्याआधी बघा. उलटं जोडलं की सप्लाय डायोडमधून सरळ शॉर्ट होतो.