विश्वामित्रीच्या काठाने

पावागडाच्या डोंगरात उगम पावणारी विश्वामित्री बडोद्याच्या मधोमध वाहते. भर शहरातून जाणाऱ्या तिच्या पात्रात चारशेहून जास्त मगरी आहेत. माघातल्या उन्हात काळा घोडा पुलावर उभी राहिले तर खाली काळपट पाणी, अडकलेल्या पिशव्या, आणि काठाच्या चिखलावर जबडा उघडून ऊन खात पडलेली एक मोठी मगर. वरून रिक्षा धावत होत्या. थांबून बघणारी बहुधा मी एकटीच.

आत्या बडोद्यातल्याच अकोटा भागात राहते. घर पुन्हा रंगवलं, तरी ऑगस्ट २०२४ च्या पुराच्या पाण्याची भिंतीवरची एवढी पट्टी तिने जिन्याजवळ तशीच ठेवली आहे. इथे नदीची धोक्याची पातळी २५ फूट. त्या वेळी पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. डोक्यावर मुसळधार पाऊस आणि वरून आजवा धरणाचं पाणी. २७ ते २९ ऑगस्टच्या दरम्यान वनखात्याने वस्तीतून २४ मगरी सोडवल्या. अकोट्यात तर एक मगर छपरावर दिसली होती.

"भीती वाटली नाही?" मी विचारलं.

"वाटली की. पण अगं, तिला पाणी घेऊन आलं. आणि पाण्याची कोतरं बुजवली कुणी?"

कोतरं म्हणजे नदीच्या दोन्ही अंगांच्या घळी. पूर आला की पाणी तिथे पसरायचं. किती तरी ठिकाणी भराव पडले, वर इमारती चढल्या. मला हे पुराहून भयंकर वाटतं, कारण ते कोरड्या दिवसांत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं.

२०२५ च्या पावसाळ्याआधी नदी खोल आणि रुंद करण्याचं मोठं काम झालं. पूर सोसलेल्यांना ते हवंच होतं. पण यंत्रांना सोयीचे जे कोरडे महिने, त्याच फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मगर काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या मातीच्या उष्णतेवर ठरतं. काठावरची झाडं तोडली की सावली गेली, माती तापली. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागात काय झालं ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आहे: वाळू तापत गेली आणि हिरव्या समुद्रकासवांच्या कोवळ्या पिढीत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या निघाल्या. तिथे सगळ्या पृथ्वीची उष्णता कारणीभूत आहे, इथे एका काठावरची कुऱ्हाड पुरेशी आहे.

म्हणून मला वाटतं, खोदकाम दिवाळीनंतर लगेच सुरू करून जानेवारीअखेर थांबवावं, आणि मगरींच्या घरट्यांचे मातीचे उतार झाडोऱ्यासकट सोडावेत. आत्याला हे पटलं, अर्धंच.

"थांबवा ना," ती म्हणाली, "पण उरलेलं काम पुढच्या वर्षावर ढकललं, आणि मध्येच पाऊस आला, तर खालच्या वस्तीतल्या माणसांनी कुठे जायचं, तेही लिही."