भाडे ‘प्लस मेंटेनन्स’ आणि एजंटची फी: पुण्यात घर घेतानाचा माझा अनुभव

कोथरूड परिसरात भाड्याचे घर शोधत असताना प्रत्येक एजंट भाड्याचा आकडा सांगून पुढे ‘प्लस मेंटेनन्स’ एवढेच म्हणत असे, आणि त्यात नेमके काय धरले आहे असे विचारले की ‘सोसायटीचे जे येईल ते’ हे ठरलेले उत्तर मिळे. भाड्यात पाचशे रुपये कमी व्हावेत म्हणून आपण घासाघीस करतो, मग दरमहा तितक्याच नियमाने जाणारी ही रक्कम न पाहता कशी मान्य करायची, असे मला वाटत होते. म्हणून 24,000 रुपये भाड्याचे एक घर पसंत पडल्यावर टोकन देण्याआधी मी मालक काकांकडे सोसायटीचे शेवटचे बिल मागितले.

बिल महिन्याला 3,480 रुपयांचे होते. सेवाशुल्क 1,800, पाणी 350, पार्किंग 200, सिंकिंग फंड 300, दुरुस्ती निधी 650 आणि बिनभोगवटा शुल्क 180 अशी त्याची फोड होती. पहारेकऱ्याचा पगार, झाडलोट, जिन्यातले दिवे, लिफ्टची वीज यांचा उपयोग तिथे राहणाऱ्याला होतो. म्हणून सेवाशुल्क, पाणी आणि पार्किंग मिळून 2,350 रुपये मी भरणे मला रास्त वाटले. सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी मात्र इमारतीच्या पुढच्या अनेक वर्षांसाठी जमा होत असतात आणि त्यांचा लाभ ज्याच्या नावावर फ्लॅट आहे त्यालाच मिळतो. बिनभोगवटा शुल्क तर सभासद स्वतः राहत नाही म्हणूनच लावले जाते. राज्य सरकारच्या 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशानुसार सहकारी गृहनिर्माण संस्थेला हे शुल्क महापालिकेचे कर वगळून उरलेल्या सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, आणि या बिलात ते बरोबर तितकेच होते. (पुण्यात पुष्कळ इमारती सहकारी संस्था नसून अपार्टमेंट कायद्याखाली नोंदवलेल्या असतात, हा आदेश सहकार कायद्याखालचा आहे, त्यामुळे इमारत कोणत्या प्रकारची आहे हे आधीच विचारून घ्यावे.)

‘आधीचा भाडेकरू सगळेच भरत होता,’ असे काका म्हणाले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, कारण मालक आणि भाडेकरू यांनी मेंटेनन्स आपसांत कसा वाटून घ्यावा याचा नियम महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये नाही. सोसायटीच्या दृष्टीने देणेकरी सभासदच असतो आणि उरलेले सर्व करारावर ठरते. मी बिल समोर ठेवून एकेका बाबीविषयी बोलत गेले, तेव्हा 1,130 रुपयांच्या तीन बाबी स्वतःकडे ठेवायला ते तयार झाले. पुढे त्यांनी मालमत्ता कराचा विषय काढला. मालक स्वतः राहत असेल तर पुणे महापालिका जी 40 टक्के सवलत देते, ती घर भाड्याने दिल्यावर मिळत नाही आणि हा फरक त्यांना माझ्याकडून हवा होता. हा बोजा खरा आहे, हे मी मान्य केले. पण घर भाड्याने देण्याचा हा खर्च भाड्याच्या रकमेतच धरलेला असायला हवा, असे मी सांगितले आणि भाडे कमी करण्याची माझी मागणी मागे घेतली. तिथे आमचे जमले.

एजंटची मागणी एक महिन्याचे भाडे, त्यावर 18 टक्के जीएसटी आणि अकरा महिन्यांनी नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा निम्मी फी अशी होती. ते मालकांकडूनही फी घेणार होते. महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, एजंट नोंदणी विक्रीच्या व्यवहारांसाठी असते, त्यामुळे भाड्याच्या दलालीला तिथून मर्यादा येत नाही आणि एक महिन्याचे भाडे हा निव्वळ रिवाज आहे. मी जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल मागितले. एजंटची जीएसटी नोंदणी नसल्यामुळे ती 4,320 रुपयांची रक्कम लगेच वगळली गेली, कारण नोंदणी नसलेल्या व्यक्तीला हा कर वसूल करताच येत नाही. त्यांनी आमच्यासाठी मनापासून धावपळ केली होती, बरीच घरे दाखवली होती, त्यामुळे फी देण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. 18,000 रुपये ठरले, त्यातले निम्मे करार नोंदवल्यावर आणि निम्मे किल्ली हातात आल्यावर.

नूतनीकरणाच्या फीवर मात्र मी अडून राहिले. नोंदणी टाळता यावी म्हणून अकरा महिन्यांचा करार करायची सवय पडली आहे, परंतु 1999 च्या कायद्याच्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. मग अकरा महिन्यांतून साध्य काय होते? आम्ही 24 महिन्यांचा करार केला, दुसऱ्या वर्षी 5 टक्के भाडेवाढ आणि एक लाख रुपये डिपॉझिट ठेवून. एकूण भाडे आणि डिपॉझिटवरचे 10 टक्के दराने धरलेले व्याज मिळून जी रक्कम होते, तिच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते. आमच्या बाबतीत ते दीड हजारांच्या थोडे वर गेले. नोंदणी फी 1,000 रुपये होती. दोन्ही खर्च आम्ही निम्मे निम्मे केले.

करारात ‘मेंटेनन्स लायसन्सीने (म्हणजे भाडेकरूने) भरावा’ हे छापील वाक्य काढून त्या जागी बाबींची नावे लिहून घेतली. सेवाशुल्क वाढल्यास वाढ माझी, आणि इमारतीच्या मोठ्या कामासाठी सोसायटीने वेगळी वर्गणी काढल्यास ती मालकांची, असेही त्यात घातले. पहिल्या पावसाळ्यानंतर सोसायटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी प्रत्येक फ्लॅटकडून वर्गणी मागितली आणि त्याची नोटीस माझ्या दाराखालून आत आली. मी तिचा फोटो काकांना पाठवला. त्यांनी करारातले ते कलम पाहून रक्कम सोसायटीच्या खात्यात भरली आणि पावतीची एक प्रत मलाही पाठवून दिली.